शून्यावरचं पाणी, शून्यावरचा बर्फ

तीर्थरूप दाजी,

उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार. (आडवं पडून घातला असता, पण कारखान्याची जमीन ओली आहे. ती का ओली आहे, हाच या पत्राचा विषय.) टाके सुकत आले का? भूक लागते का? डॉक्टरांनी पित्ताशयातला खडा बाटलीत घालून दिला आणि तुम्ही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसता, असं ताई फोनवर सांगत होती. दाखवाच. अंगच्या उबेत, यंत्रावाचून, पातळ पित्ताचा दगड करून दाखवलात. बर्फवाले शोभलात खरे! लवकर बरे व्हा आणि लवकर परत या, एवढंच मागणं. (ताई, हे मोठ्याने वाचून दाखवत असशील तर कंसातलं मनात वाच. टाके घातलेल्या माणसाला हसवू नये आणि चिडवू तर मुळीच नये.)

कारखाना माझ्या हाती देताना तुम्ही दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, मासळीबाजारातल्या मावशींचा बर्फ एक दिवसही चुकता कामा नये. चुकला तर त्या नदीपलीकडच्या कारखान्याकडे जातील, त्यांच्यामागे अख्खा बाजार जाईल आणि आपल्या दाराला कुलूप लागेल. दुसरी, कारखान्यात भाषण करायचं नाही. पहिली मी शिरसावंद्य मानली. दुसरीही मानली असती. पण तुम्ही माझा स्वभाव जाणता. चार माणसं एका जागी उभी दिसली की माझा घसा आपोआप साफ होऊ लागतो. लोकांपुढे खरं बोलणं हा मी धर्म मानतो, आणि धर्माला सुट्टी नसते.

तर झालं असं. मुलींच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाई भेटायला आल्या. घन, द्रव, वायू फळ्यावर काढून मुली पेंगतात, त्यांना बर्फ होताना दाखवायचाय, म्हणाल्या. मी म्हटलं, अवश्य आणा. ज्ञानाला दार लावणारा मी कोण? (बाई माझ्यापेक्षा थोड्या लहान. आवाज बारीक. बोलण्याआधी विचार करतात. अशी माणसं सहसा सभेला येत नाहीत, त्यामुळे आजवर गाठ पडली नव्हती.)

नेमके मुली आल्या त्या दिवशी मिस्त्री दाढ काढायला गेलेले. यंत्राची सूत्रं माझ्या हाती. खाऱ्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे लांबट साचे रांगेने उभे होते आणि त्यांत मावशींच्या बर्फाच्या लाद्या धरत होत्या. एका साच्याच्या मधोमध मी तापमापी बुडवली. पारा शून्यावर! पाणी शून्य अंशावर गोठतं हे मला कुणी शिकवायला नको. आम्हीही थोडंफार वाचलंय. (थोडंफार हा विनय झाला. पुस्तकांपायी माझ्या खोलीत पलंग मावत नाही, हे तुम्ही पाहिलंय.) शून्य आलं म्हणजे बर्फ झाला, आता वीज जाळणं ही उधळपट्टी, असा रोखठोक निष्कर्ष काढून मी कॉम्प्रेसरचं लाल बटण दाबलं. खोटं कशाला बोलू, त्या धडधडाटात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतही नव्हता.

मग काय! आदल्या दिवशीची एक लादी उरली होती, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि चढलो. मुलींनो, म्हटलं, हे विश्व द्रव्याचं आहे! द्रव्य मरत नाही, ऊर्जा मरत नाही, रूप तेवढं पालटतं! घनातले कण आपापल्या जागी गप्प उभे असतात, तशी घाबरलेली माणसं. द्रवातले कण हात सोडून चालू लागतात. आणि वाफेतले? वाफेतले कण कुणाच्या बापाला भीत नाहीत! हमाल लाद्या ओढायचे खांद्यावरचे टोचे खाली ठेवून ऐकू लागले. असा रंग चढला म्हणता, की पाय ओले झाल्याचंही भान राहिलं नाही. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका कार्टीने हात वर केला. मला वाटलं, शंका आहे. म्हणाली, “सर, तुम्ही बुटके होताय.”

खरंच होत होतो. माझं व्यासपीठ वितळत होतं. (टीकाकार म्हणत आलेत की माझ्या व्याख्यानांना भक्कम पाया नसतो. त्यांना हे कळवू नये.)

तेवढ्यात मावशी टेम्पो घेऊन दारात. कंबरेला पदर खोचलेला. “आटप रे भाषणवाल्या, मासळी उन्हात पडलीय!” मी ऐटीत हात केला, हमालांनी साखळी ओढली, साचा वर आला, उलटा झाला, आणि दाजी, आतून लादी नाही, बर्फाचं पोकळ खोकं आलं. ते आपटलं, फुटलं, आणि पोटातलं गार पाणी सगळं माझ्या धोतरावर. दुसरा साचा, तेच. तिसरा, तेच. मुली टाळ्या वाजवत होत्या. (आयुष्यात एवढ्या मनापासून टाळ्या मला पडल्या नव्हत्या.) मावशींनी एक खोकं बोटाने वाजवून पाहिलं. “हा बर्फ आहे का काचेचा हंडा? मी चालले नदीपलीकडे.”

मला कुलूप दिसलं. तुमच्या दारावरचं. आणि तुमचे टाके दिसले. तरी तोंडातून निघालं, “अहो, पण पारा शून्यावर होता!”

बाई म्हणाल्या, “पाणीही शून्यावर असतं, बर्फही शून्यावर असतो. पाण्याचा बर्फ व्हायचा तर त्यातली उष्णता काढत राहावं लागतं, आणि ती निघत असते तोवर पारा जागचा हलत नाही. तुम्ही यंत्र नेमकं कामाच्या वेळी बंद केलंत.”

दाजी, मी हात जोडले. पराभवाने नव्हे, आनंदाने. आजवर सभा उठली, टाळ्या झाल्या की समाज बदलला असं धरून मी घरी जाऊन जेवत होतो. आणि जिथे टाळ्या पडल्या नाहीत तिथे, माणसं दगड आहेत, म्हणून चडफडत होतो. दोन्हीकडे माझं लक्ष पाऱ्यावर! आत कुणाचं काय सुटतंय, काय जुळतंय, हे पाऱ्याला कधी दिसलंच नाही. हे मला पन्नाशीला, ओल्या धोतरात कळावं, याला मी भाग्य म्हणतो.

पण भाग्याने मासळी टिकत नाही. बाई मावशींकडे वळल्या. “मावशी, जाऊ नका. खोकी फोडा आणि पाण्यासकट पिंपात भरा. लादीच्या चुऱ्यात फटी राहतात, हे पाणी मासळीला चहूकडून लागेल आणि बर्फ त्याला गार ठेवील.” मावशी म्हणाल्या, “शाळा मला नको शिकवू.” पण मासळी उन्हात होती. हमालांनी धडाधड खोकी फोडली, पिंपं भरली, मासळी आत गेली. थोड्या वेळाने मावशींनी कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. “मेले! हात आहे का गेला?” मग मासळीचा कल्ला उघडून ताजेपणा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, “उद्यापासून असाच दे. अर्धवट. तुला जमतंय ते.”

तेव्हापासून अर्धा बाजार अर्धवट बर्फच मागतो. मिस्त्री म्हणतात, कारखान्याची अब्रू गेली. पण दाढेपायी ते एका गालाने म्हणतात, म्हणून मी मनावर घेत नाही. तुम्ही निर्धास्त असा. ताईला आणि खड्याला नमस्कार.

आपला आज्ञाधारक (एक आज्ञा वगळून) मेहुणा

ता. क. वर लवकर परत या असं लिहिलंय, ते शिष्टाचार म्हणून. डॉक्टर म्हणतील त्याच्यापुढे आणखी महिनाभर विश्रांती घ्या. बाई रोज शाळा सुटल्यावर तापमाप्या तपासायला येतात. तुम्ही आलात की सगळ्या तापमाप्या बरोबर निघतील आणि त्यांना यायचं कारण उरणार नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, एवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी पत्र वाचायला घेतलं. कंसातलंसुद्धा. मी खुलासा म्हणून भाषण सुरू केलं. म्हटलं, गैरसमज नसावा, पारा अजून शून्यावरच आहे. त्या म्हणाल्या, “लादी कधीच धरलीय. साचा उचला.” तेव्हा दाजी, टाके असोत नसोत, मिळेल ती गाडी पकडून या. लग्नाचं बोलायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं, आणि मला तर तेव्हापासून शब्दच फुटत नाहीये.