पाठीवरच्या निळ्या रेघा

धाकटे, थोरलीचा आशीर्वाद घे. अक्षर लागेल तसं लाव.

तुझ्या दाजींची पाठ आता कमी दुखते. काल दुपारी कुशीवर झोपले, चक्क घोरले.

कॅन्सरच्या मशीनचा शेक द्यायच्या आधी इथे इस्पितळात त्यांच्या पाठीवर निळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. मला वाटलं मळ. पहिल्याच आंघोळीला घासून काढल्या. मशीनवाली बाई म्हणाली, "अहो आजी, शेक नेमका कुठे द्यायचा ते त्यावरून कळतं." म्हटलं, "मग आधी सांगायचं. माझ्या हातून करपलेलं पातेलं सुटत नाही, तुझ्या रेघा काय सुटणार?" तिनं परत मारल्या.

डॉक्टरांना विचारलं, शेकानं गाठ जाईल का. म्हणाले, "नाही आजी. हाडातलं दुखणं कमी होईल, तेवढंच." बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दाजींना सांगितलं नाही. तेही विचारत नाहीत.

दुखायच्या आधीच औषध द्यायचं, तोंड पुसायचं, कूस बदलायची, सगळं नर्सनं शिकवलंय. घरी जमेल म्हणते.

त्यांची खाट खाली खिडकीपाशी आणून ठेव. जिना आता नाही. एकटी ओढू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

आज शेक संपले. मशीनवाली म्हणाली, "आजी, आता घासा हव्या तेवढ्या." साबण घेऊन बसले होते. मग नुसतंच पाणी घातलं. रेघा आहेत तोवर काही उपाय चाललाय असं वाटतं.

आम्ही घरी आल्यावर तूही त्या रेघा घासू नकोस.

तुझी थोरली