रोज सोबत जेवणारा

सामार बेट, मंगळवार

रेनान बाळा,

हे पत्र तुला तैवानला पाठवणार नाही. पाठवलं तर नोकरी सोडून येशील.

आज चर्चसमोर छातीच्या एक्स-रेची गाडी आली होती. आता फोटो आधी कॉम्प्युटरच वाचतो. माझ्या फोटोत त्याने उजवीकडे वर लाल डाग दाखवला. नर्स लोरेली म्हणाली, "टीबी असेल, नसेलही. थुंकी तपासू. घरात रोज तुमच्यासोबत कोण जेवतं?"

"माझा मुलगा," मी पटकन म्हणाले.

"मग त्यालाही धरून आणा. पुरुष माणसं एक्स-रे म्हटलं की पळतात."

तेव्हा कुठे लक्षात आलं, तू जेवतोस तो फोनमध्ये. पण तोंडातून निघालं, "कामावर गेलाय तो."

"संध्याकाळी पाठवा. आम्ही आहोत."

मी बरं म्हटलं.

संध्याकाळी भात वाढून घेतला, फोन नेहमीसारखा पाण्याच्या ग्लासाला टेकवला. मग उचलून टेबलाच्या पार टोकाला ठेवला.

"नानाय, आज एवढी लांब का बसलीस?" तू विचारलंस.

"जेव तू," मी म्हटलं, आणि तोंड फिरवून खोकले.

तुझी,
नानाय