ताऱ्यांच्या लदेणीचा चौथा भाग कोणाचा

मी, हंसाबाई देवीलाल आडे, वय एकसष्ट, धंदा मंडप-डेकोरेशन व शेती, राहणार सोनदरी तांडा, फुलसावंगीजवळ, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि मागे उभं राहून कोणी लिहवून घेत नाही. मुलगा सुनील ओसरीत बसला आहे, त्याला मी आत येऊ दिलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या पश्चात खाली लिहिल्याप्रमाणे व्हावं.

कलम १. राहतं घर आणि नाल्याकडचं वावर माझा मुलगा सुनील व सून बबिता यांना, निम्मं-निम्मं. विकायचं झाल्यास दोघांच्या सह्या लागतील. बबिताचं नाव मी मुद्दाम लिहिलं आहे.

कलम २. मंडपाचा धंदा, जनरेटर, दिवे, खुर्च्या, टेम्पो सुनीलला. यजमान गेल्यावर हा धंदा मी एकटीने चालवला. बाईमाणूस मंडप काय टाकणार म्हणून हसलेल्या लोकांच्या पोरींच्या लग्नांचे मंडप मीच टाकले. ते माझं पुरतं समाधान झालेलं आहे.

कलम ३. चांदीचे जुने दागिने आणि सासूबाईंच्या हातची आरशांची फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, बबिताला. हेच घालून तिने आमच्या सिनेमात नायकीण, म्हणजे तांड्याच्या नायकाची बायको, केली.

कलम ४. ‘ताऱ्यांची लदेणी’ या सिनेमाचे तीन झालेले भाग, नाव, सगळे हक्क, कॅमेरा, आणि चौथ्या भागाचं न जोडलेलं चित्रण. तंटा यावरच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अमर किसनराव भोयर हा बाभुळगावचा मुलगा लग्नांचं शूटिंग करायचा. एका लग्नात माझ्याच मंडपात जेवताना त्याने मला ताऱ्यांवरच्या लढाईची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, “लढाई कायले पाह्यजे? आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत होते. त्याले लदेणी म्हणत. तुया यानातून मीठ जाऊ दे न एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्यावर.” तो हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. तिथून हे सुरू झालं. भंगारातल्या मळणीयंत्राच्या पत्र्यातून आम्ही यान केलं. गावोगाव पडदा लावून दाखवलं, मग मोबाइलवर टाकलं, आणि आमच्या बोलीतलं यान पाहायला नांदेड-अकोल्याहून लोक येऊ लागले.

तिसऱ्या भागात नायकीण मरते, असं अमरने लिहिलं होतं. मी नाही म्हटलं. पैसा माझा होता, माझा शब्द राहिला. त्यावरून पाहणाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणायचे, “डोस्कं अमरदादाचं, बाईनं गळा दाबला त्याचा.” दुसरे म्हणायचे, “बाई नसती त हे यान कवाच लढाईत जळलं असतं.” उमरखेडच्या बसस्टँडवर चहा पिता-पिता पोरं यावर भांडायची. मला गंमत वाटायची. मग कोणीतरी आडनावं काढली. अमर कुणब्याचा, मी तांड्यावरची. त्यानंतर सिनेमा बाजूला राहिला.

माझ्या बाजूचा मोबाइलवरचा गट सुनील चालवायचा. उमरखेडच्या मंगल कार्यालयात तिन्ही भाग पुन्हा दाखवायचे ठरले, तेव्हा त्याने गटावर टाकलं, “याडीची माणसं तयारीनं या.” याडी म्हणजे आई, म्हणजे मी. मी विचारलं, “कशाची तयारी?” म्हणाला, “घोषणा द्यायची, याडी. तू कायले घाबरतं?”

तिसरा भाग संपला. कोणी ‘हंसाबाई’ ओरडलं, कोणी ‘अमरदादा’. खुर्च्या उडाल्या. मी माइक घेऊन ओरडत होते, पण माझंच नाव एवढ्या जोराने चाललं होतं की माझा आवाज मलाच येईना. बाहेरून दगड आला. तो फुलसावंगीच्या रोशन खंदारेला लागला. रोशन मोबाइल दुरुस्त करतो. त्याचा डावा डोळा गेला.

दगड कोणी मारला ते पोलिसांना सापडलं नाही. सुनीलने शपथेवर सांगितलं, “म्या नाही मारला.” मी त्यावर विश्वास ठेवते. माणसं मात्र त्याने बोलावली होती.

दवाखान्यात मी रोशनच्या खाटेजवळ बसले. त्याच्या आई शकुबाई तोंड भिंतीकडे करून बसल्या. पट्टी बांधलेला रोशनच म्हणाला, “मावशी, नायकीण वाचवली ते चुकलंच तुमचं.”

“काहून?”

“तिच्यासाठी नायक एकदा तरी मागं वळला असता. आता तो नुसता चालूनच राह्यला.”

मला ते अजूनही पटलेलं नाही. मी तसं बोलले, आणि आम्ही डॉक्टर येईपर्यंत भांडलो. ज्या भांडणासाठी आम्ही सिनेमा केला ते भांडण हे होतं.

म्हणून जे खरं आहे ते इथे नोंदवते. मिठाची कल्पना माझी. यानातली गोरबोली, आमची बंजाऱ्यांची बोली, माझी. नायकिणीचं वाचणं माझं. बाकी सगळं अमरचं. दुसऱ्या भागात रिकामं यान पाहून नायक स्वतःशीच गातो, तो प्रसंग माझा म्हणून आमचे लोक मला हार घालतात. तोही अमरचा. मी दर वेळी हार काढून हेच सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ऐकलं नाही.

परवा अमर घरी आला. ओसरीतून सुनील उठून गेला. अमर म्हणाला, “मावशी, चौथ्याचा शेवट तुमच्या मनासारखा करतो. भांडण मिटू द्या.”

मी म्हटलं, “माह्या धाकानं केलेला शेवट कोणाचा म्हणायचा? तुले जो दिसते तो कर.”

“अन् नायकीण मेली तर?”

“त मी वरून शिव्या देईन.”

तो हसला नाही. माझे पाय धरून बसला.

सबब या कलमातलं सगळं मी अमर किसनराव भोयर याला देते. शेवट तो ठरवील. माझं नाव पुढे करून कोणी त्याला अडवू नये, माझ्या मुलानेही नाही.

कलम ५. बँकेतली माझी ठेव रोशनच्या उपचारासाठी आणि दुकानासाठी. शकुबाई ती नाकारतील तर कलम ६ मधल्या वकिलांनी दर वर्षी पुन्हा विचारावं.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उमरखेडच्या वकील निकिता चिंचोलकर यांनी करावी.

सही करण्याआधी साक्षीदारांसमोर सुनीलला आत बोलावून चौथं कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तुह्यासाठी म्या लोकाईचं वैर घेतलं, अन् तू त्याले देतं? मी कोण मंग तुहा?”

“पोरगा हायेस. घर तुहं, वावर तुहं, धंदा तुहा. पिच्चर तुहा नाही.”

“खोड ते.”

मी खोडलं नाही. तो गाडी काढून गेला. साक्षीदारांनी उद्या सही करू म्हटलं, मी त्यांना बसवून घेतलं. आत्ता बबिताला फुलसावंगीतून फोन आला. सुनील रोशनच्या दारात उभा आहे, आत जायला धजत नाही, आणि शकुबाई उंबऱ्यात उभ्या आहेत. बबिता मला म्हणाली, “तुमी फोन करा न शकुबाईले. तुमचं ऐकतीन.”

मी फोन केला नाही. त्याला आत घ्यायचं की नाही, हे त्या माऊलीने ठरवायचं आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही करते.

हंसाबाई देवीलाल आडे

आमच्यासमोर सही केली:
१. पूनमसिंग रामजी जाधव, निवृत्त शिक्षक, सोनदरी तांडा
२. भारत गुलाबसिंग पवार, शेती, सोनदरी तांडा

ठिकाण: सोनदरी तांडा
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५