विंगेतली भाग्या

सरस्वतीपुरम, म्हैसूर
८ जुलै २०२४

ती. गोदावरीवन्सं यांस,
भाग्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगवत नाही, म्हणून हे पत्र. ह्यांचं खाणंपिणं, फिरणं ठीक आहे. तीस वर्षं कॉलेजात नाटक शिकवलं, ते सगळं अजून पाठ आहे. स्वगत म्हणजे काय विचारलं तर घडाघडा सांगतात. माझं नाव मात्र संक्रांतीपासून तोंडात नाही. मी समोर गेले की हात जोडून कानडीत विचारतात, अम्मा, आपण कोण म्हणून. वन्सं, आपल्या घरात कानडी परक्यांशीच बोलतात ना.

परवा एक झालं. ह्यांना डोशाबरोबर चटणी मागायची होती, शब्द सापडेना. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड होते. सवयीनं पहिलं अक्षर हळूच टाकलं, आणि ह्यांनी वाक्य पुरं केलं, तेही मराठीत! ह्यांच्या नाटकांना अडतीस वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, तो आवाज तेवढा ओळखीचा राहिलाय. तेव्हापासून मी दिवसभर पडद्यामागेच. पडद्याशी गप्पा मारतात, माझ्या आमटीला नावं ठेवतात, अगदी पूर्वीसारखे.

काल ह्यांनी तीन बोटं ओठांसमोर आडवी धरली. हे जनांतिक, एका पात्रानं दुसऱ्याला सांगायचं, मंचावरच्या बाकीच्यांना ऐकू गेलं नाही असं मानायचं. मला, म्हणजे पडद्याला, सांगितलं, की घरात एक बाई आहे, सेवा मनापासून करते. पण भाग्या आली की तिला न दुखवता निरोप द्यायला हवा.

पाय दुखतात, बाकी क्षेम. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची
भाग्या


हुबळी
१७ जुलै २०२४

चि. सौ. भाग्या हीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, तीनदा चष्मा पुसला. राघू लहानपणापासून असाच. आईनं वाढलेलं जेवायचा आणि कौतुक शेजारणीच्या सारूचं करायचा. पण तू का लपायचं? लग्नाची बायको आहेस. पहिल्या पगारात त्यानं तुला जांभळी म्हैसूर सिल्क घेतली होती, माझ्यासाठी साधा रुमालही नाही, मी विसरले नाही. ती नेस, मल्लिगेचा गजरा माळ, समोर बस आणि नाव सांग. आवाज ओळखतो तर तोंडही ओळखेल. तो पडदा काढूनच टाक.

आमटीत गूळ फार घालतेस, तेवढं मात्र त्याचं खरं आहे.

गुडघे जरा ऐकू लागले की येतेच. जिवाला जप, माझी माया तिथंच आहे असं समज.

गोदावरी


सरस्वतीपुरम, म्हैसूर
२९ जुलै २०२४

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. पडदा काढायला तेवढा हात धजला नाही. जांभळी नेसले, मल्लिगे माळली, सकाळच्या कॉफीला समोरच्या खुर्चीत बसले आणि सांगितलं, की मीच भाग्या.

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पडद्याकडे वळून तीन बोटं ओठांसमोर आडवी धरली. पडद्याला सांगितलं, की ही बाई स्वतःला भाग्या म्हणवते, साडीही भाग्याचीच नेसली आहे. तिला कोणी हसू नये, बिचारीचं कोणीतरी हरवलं असावं. आता तिला काय सांगायचं, ते वाक्य द्या.

आणि थांबले. पडद्यामागे कोणी नव्हतं. शब्द गेलेला नट कसा उभा राहतो तुम्ही पाहिलंय, डोळे विंगेकडे आणि चेहऱ्यावर हसू तसंच. ते हसू थरथरायला लागलं. वन्सं, इतक्या वर्षांत मी विंग रिकामी ठेवली नव्हती. मी उठले, बाहेरून वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले आणि पडद्याआडून वाक्य दिलं, की भाग्या येईपर्यंत त्यांना इथंच राहू द्या.

ह्यांनी ते रिकाम्या खुर्चीला कानडीत, अगदी अदबीनं, शब्दन् शब्द सांगितलं. खुर्चीत माझ्या वेणीतली दोन फुलं पडली होती. मग निवांत कॉफी प्यायले.

गुडघे बरे झाले की जरूर या. पडद्यामागे मी आता स्टूल ठेवलंय. तुम्ही याल तेव्हा शेजारी दुसरं ठेवीन.

आठवण ठेवा, वन्सं. तुम्ही तरी ठेवा.

तुमची
भाग्या