शेऱ्याचा रकाना

कोहका, भिलाई
५ जून २०२४

ती. कमलाआत्यास,
सुजाताचा सप्रेम जयभीम.

तू ऑफिस सोडून आनंददादाकडे नागपूरला गेलीस त्याला दोन महिने झाले. रसमड्यातली फॅक्टरी चालू आहे. तुझ्या टेबलावर आता वॉटर कूलर ठेवला आहे. हजेरी, रजा, गेटपास, कामगारांच्या तपासण्या, जे तू बावीस वर्षं एकटीने केलंस ते सगळं एक एप्रिलपासून इंदूरची एक एजन्सी करते. तिथलं एकही माणूस आम्ही पाहिलेलं नाही. ते फक्त मेल पाठवतात आणि प्रत्येक मेलच्या शेवटी आमचा दिवस शुभ जावो म्हणतात.

गेल्या आठवड्यात गॅसकटर चंपतची सासू वारली. त्याने रजा मागितली. उत्तर आलं की मृत्यूच्या रजेच्या यादीत सासू हे नातं नाही, ‘इतर’ निवडून पुन्हा अर्ज करावा. तोवर अंत्यविधी उरकला होता. त्याला मेल उघडता येत नाही, म्हणून ते उत्तर मीच वाचून दाखवलं. वाचताना मला शिसारी आली. तो मात्र थँक्यू मॅडम म्हणाला.

तू म्हणशील, त्यांना यादी तर तूच करून दिलीस. हो, दिली. बासष्ट माणसं, चौदा रकाने. ओमप्रकाश सेठनी सांगितलं, म्हणून क्वालिटीचं माझं काम बाजूला ठेवून तुझी वही कॉम्प्युटरवर उतरवली. तू पेन्सिलने लिहिलेले शेरे तेवढे गाळले. एजन्सीच्या नमुन्यात त्यांना जागा नव्हती. बाकी एकही चूक नाही. दोनदा तपासली आहे.

गुडघ्यांना तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? माया आहे तितकी राहू दे.

तुझी,
सुजाता


नागपूर
१४ जून २०२४

चि. सुजाता,
तुले जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. भाची पत्र लिहिते का ऑडिट रिपोर्ट, तेच समजत नाही. आनंद विचारत होता का सुजाता हसते तरी का. मी म्हटलं हसते, वर्षातून दोनदा, तेही लेखी.

इथं बरं आहे. सून मले कामाले हात लावू देत नाही. पण सकाळचे दहा वाजले का वाटते, आता कोणीतरी दारात येऊन, बाई माझा कागद, म्हणणार आहे. कोणी येत नाही. मग मी लसूण सोलत बसते.

एक विचारायचं होतं. देवाजी डोळे तपासून आला का? मी त्याले दर मे महिन्यात पाठवत होती. कागदावर तो हेल्पर आहे. पंधरा वर्षांआधी हेल्पर म्हणूनच लागला, मग क्रेन चालवायले शिकला, अन् सेठनं कागद काही बदलला नाही. म्हणून त्याच्या नावासमोर मी पेन्सिलनं ‘क्रेन’ लिहून ठेवलं होतं. हेल्परचे डोळे कोणी तपासत नाही, क्रेनवाल्याचे दरसाल तपासा लागतात. मागच्या साली डॉक्टर म्हणाले होते का उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला आहे. त्या इंदूरवाल्यायले हे कसं माहीत असणार? तू पाय.

अन् जेवत जाय. डब्यात बिस्किटं नेते, हे चंपतनं मले फोनवर सांगितलं. जीव लावते तशीच लावत राय.

तुझी आत्या


कोहका, भिलाई
९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

हे फोनवर सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता देवाजीने क्रेनने प्लेट उतरवली, ती फिटर धनंजयच्या डाव्या पायावर. तीन बोटं काढावी लागली. थांब म्हणून खालून केलेला हात देवाजीला दिसलाच नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी एजन्सीला मेल केला होता. उत्तर आलं की आपला प्रश्न नोंदवला आहे. ते वाचून मी काम झालं असं समजले. देवाजी रोज माझ्या खिडकीसमोर क्रेनवर चढत होता. उठून वीस पावलं चालले असते तर पुरलं असतं.

काल हॉस्पिटलच्या खाटेवर धनंजयच्या फोनवर एजन्सीचा मेसेज आला. दोन दिवस न कळवता गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा द्यावा, आपला दिवस शुभ जावो. त्याच्या बायकोने, रत्नमालाने, तो माझ्यापुढे धरला. बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं.

आज त्यांचा अहवाल आला. त्यात म्हटलंय की देवाजी क्रेन चालवतो, ही माहिती आधीच्या लिपिक कमलाबाई यांनी काम सोपवताना दिली नाही. खाली यादी तयार करणारी म्हणून माझी सही हवी आहे. वीस तारखेला फॅक्टरी निरीक्षक येणार आहेत. सेठ म्हणाले, कमलाबाई तो अब चली गई, उनका क्या बिगड़ेगा बेटा, साइन कर दो, नहीं तो तुम्हारे बारे में भी सोचना पड़ेगा. हे बोलताना त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले, याचीही आता किळस येते.

काय करू ते विचारत नाही. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढंच.

सुजाता


नागपूर
१४ ऑगस्ट २०२४

चि. सुजाता,
तुले जयभीम.

सही करून टाक. मले आता कोणत्या ऑफिसात बसायचं आहे? बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, हे मले माहीत आहे. बाकीच्यायले नाही समजलं तरी चालते. तुझी नोकरी गेली तर बाबाले काय सांगशील? शिकलेली आहे, शहाणी हो.

हे लिहून पत्र बंद करणार होती, पण धनंजयचा पाय डोळ्यासमोरून जात नाही. त्याच्या लग्नाच्या रजेचा अर्ज मीच लिहून दिला होता.

अन् देवाजीचं तू काहीच कसं लिहिलं नाही? त्याचा फोन बंद येऊन राहिला. कावून बंद आहे? त्याच्या घरी जा.

रागावली असशील तरी माझीच आहे.

आत्या


कोहका, भिलाई
२२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

सही केली नाही. निरीक्षकांना माझं एक पानी निवेदन दिलं: शेरा वहीत होता, तो मी गाळला, जूनमध्ये तू पुन्हा विचारलंस, मी एक मेल टाकून गप्प बसले. सोबत तुझी वही आणि तो मेल. सेठनी संध्याकाळी राजीनामा मागितला. दिला. बाबांना सांगितलं. ते जेवले नाहीत, पण मला वाढलं.

मग धनंजयकडे गेले. यादी मी केली होती, हे त्याला सांगितलं. तो पायाच्या पट्टीकडे बघत राहिला. रत्नमालाने मला पाणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

काल कुरुदला देवाजीकडे गेले. फोन त्यानेच बंद केला आहे. भिंतीकडे तोंड करून बसला होता. स्वतःचे हात दाखवून म्हणाला, याच हातायनं झालं मॅडम. मी त्यालाही सगळं सांगितलं. होळीपासून उजव्या डोळ्याने धुकं दिसत होतं म्हणाला. मग कोणाला बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

तो म्हणाला, दर मे महिन्यात बाई बोलावत होती तवा जात होतो. यंदा कोणी बोलावलंच नाही. मले वाटलं, कागदात पाहिलं असंन, माझे डोळे चांगलेच असतील.

लोभ ठेव म्हणायचा हक्क या खेपेला मला नाही. ठेवलास तर तुझी.

सुजाता