फोन काकांनीच घ्यायचा

१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काकूस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. काका पानात वाढलेलं संपवतात, तेवढंच.

कामाचं विचारलंस म्हणून लिहिते. बुडायला आलेल्या संस्थांची कामाची पद्धत बदलून द्यायची, हा माझा व्यवसाय. पण या वेळी काकांच्याच रुग्णवाहिका सेवेच्या विश्वस्तांनी मला बोलावलं आणि मी घरची असून परकी झाले. गाड्या उशिरा पोचतात, लोक दुसरीकडे फोन करू लागलेत. असंच चाललं तर सेवा बंद, असं विश्वस्तांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मी आधी नुसती कोपऱ्यात बसून पाहत राहिले. फोन काकाच घेणार, पत्ता काकाच सांगणार, गाडी काकाच सोडणार. फोनवर दोन माणसं बसवू या, असं सुचवलं तर म्हणाले, "ही सेवा मी उभी केलीय. तू आपले कागद रंगव."

मग एक गोष्ट नजरेत आली. आपला जुना चालक, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो फाटकाबाहेर पडला की गाडी बाजूला घ्यायचा आणि रुग्णाच्या घरी स्वतः फोन लावून पत्ता पुन्हा विचारायचा. उशीर तिथे होत होता. का, म्हणून विचारलं तर पत्ता कधीकधी चुकतो, एवढंच पुटपुटला. बाकीच्यांनीही तोंडाला कुलूप लावलेलं.

गुरुवारी पैलवान रजेवर होता. नवा चालक सांगितलेल्या गल्लीत थेट गेला. तिथे कुणी आजारीच नव्हतं. इकडे, जिच्यासाठी गाडी सोडली होती त्या बाईचा नवरा पुन्हा फोनवर. काका त्याला मोठ्यानं बोलायला सांगत होते आणि तो आधीच गळा फाडून ओरडत होता. मला टेबलापलीकडून शब्दन् शब्द कळत होता. मी काकांच्या हातातून फोन हिसकावला. सगळ्यांदेखत, काकू. गाडी वळवली. बाई वाचली, पण थोडक्यात.

आता मला हाकलणार, असं वाटलं. काका आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही. वर्ष होऊन गेलं."

सोमवारपासून फोनवर दोघी मुली बसतात. काका नव्या चालकांना गल्लीबोळ शिकवतात. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून त्यांना कळतं. विश्वस्तांनी वर्षभराची मुदत दिलीय.

यातलं अक्षरही तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. पण तू रागावून बहिणीकडे गेलीस ती, तू बोलतेस एक आणि ते उत्तर देतात भलतंच, म्हणूनच ना? आणि तुझा फोन आला की ते "बरं, बरं" करून ठेवून देतात, तो तुटकपणा नाही गं. ठेवल्यावर मला विचारतात, काय म्हणत होती? मी काय सांगणार?

आता फोन करू नकोस. ये, आणि त्यांच्या समोर बसून हवं तेवढं भांड.

काकांना दिलेला शब्द मोडणारी,
तुझी पुतणी