बाराला उजाडणारं मशीन

शनिवार पेठ, पुणे
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००८

चि. मुक्ता हिला,

थोरल्या बहिणीचा, मालनअक्काचा आशीर्वाद. घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, पण पत्र पुरतं वाच.

काल सगळ्यात आधी आली ती बायडाबाई. हो, तीच, धायरीची. सर्जेरावांची आई, तुझ्या नातवाला, आपल्या शंभूला सांगून आलेल्या त्या दीपमालाची आजी. सर्जेराव गाडी लावायला जागा शोधत खाली तीन चकरा मारत होते, तोवर ही बाई एकटी आमचा जिना चढून वर. सत्तरी उलटलेली, पण धाप म्हणून नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मालनबाई, त्या सतराचं काय झालं म्हनायचं?"

तर सतराचं काय झालं ते सांगायलाच हे पत्र. पण मुळापासून सांगते, नाहीतर तू अर्ध्यावर फाडशील. पाकिटावरचा पत्ता संगणकावर छापून घेतलाय, कारण माझं अक्षर दिसलं की तू ते चुलीत घालणार हे मला ठाऊक आहे. फोन केला की 'राँग नंबर' म्हणतेस. एकदा तर 'मुक्ताबाई बाहेर गेल्यात' असं तुझ्याच आवाजात सांगितलंस. मी म्हटलं, आल्या की सांगा, आणि तू 'बरं' म्हणालीस. मी त्यावर दोन दिवस हसत होते.

हे पत्र स्थळाच्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूला लिहितेय. उलट बाजूला उंची, रंग, अपेक्षा असं छापलंय ते वाचत बसू नकोस.

बाकी इकडे सगळं बरं. तुळशीची लग्नं उरकली, आता माणसांची सुरू. माझ्या संतोषच्या वधूवर केंद्रात जिन्यापर्यंत चपला असतात. मी रोज येऊन बसते. चौथी पास बाई, पण वही माझ्याच ताब्यात. आलेल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव, जन्मदिवस, जन्मवेळ मी हाताने लिहून घेते, मग संतोष ते संगणकात घालतो आणि संगणक पत्रिका काढून गुण जुळवून देतो.

तर हा संगणक दिवाळीच्या आधी फार आजारी पडला. त्यात विंडोज म्हणून एक कारभारी असतो, सगळं मशीन तोच चालवतो. आमचा कारभारी डुप्लिकेट होता. संतोषने सात वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सीडीवरून उतरवून घेतलेला. आधी त्याला व्हायरस झाला. मुलीचा फोटो उघडला की मुलाचा यायचा. एका मिशीवाल्या इंजिनिअरला 'गृहकृत्यदक्ष, गोरी' म्हणून तीन ठिकाणांहून विचारणा झाली. तेही चाललं असतं. पण मग पडदा काळा व्हायला लागला आणि कोपऱ्यात अक्षरं यायची, इंग्रजीत. एक दिवस नाशिककडचे एक शिक्षक मुलीला घेऊन बसले होते, त्यांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं, "तुमची फसवणूक झालेली असू शकते, असं म्हणतंय हे." मुक्ते, लग्न जुळवायच्या ठिकाणी! ते उठलेच. मुलगी खुर्चीतच बसून हसत होती, तिला ओढून न्यावं लागलं.

अशा वेळी शंभू धावून आला.

आता हे तुला नवीन आहे. तू भुवया चढवल्यास ते मला इथून दिसलं. तू त्याला माझ्याकडे जायचं नाही म्हणून सांगितलंस, पण तो येतो. दर शनिवारी, हिंजवडीहून, मोटारसायकलवर. मी त्याला शेंगादाण्याची चटणी देते, तो ती 'मेसमधून आणली' म्हणून तुला सांगतो. मेसमध्ये बार्शीसारखी चटणी मिळते हे तुला खरं वाटलं यातच काय ते आलं.

तो म्हणाला, "अक्काआजी, विंडोज काढून टाकू. लिनक्स घालू. त्याला व्हायरस होत नाही, आणि फुकट असतं. चोरून घ्यायची गरजच नाही."

संतोष म्हणाला, "फुकट मिळतं ते पुण्यात दोनदा तपासून घ्यावं." मग म्हणाला, "तुझा लिनक्स आण नाहीतर हत्ती आण. माझा पत्रिकेचा प्रोग्रॅम चालला पाहिजे. तो बंद पडला तर मी काय, चेहरे बघून लग्नं लावू?"

खरंच अडचण तीच. पत्रिकेचा प्रोग्रॅम विंडोजच्याच घरात वाढलेला, त्याला दुसरीकडे करमत नाही. शंभूने युक्ती सांगितली. लिनक्समध्ये एक आडोसा उभा करायचा, त्याच्या आत सगळं विंडोजसारखं मांडायचं. प्रोग्रॅमला वाटतं आपण माहेरीच आहोत, आणि तो गुमान काम करतो. मी म्हटलं, एवढी काळजी सासरी कुणी माझी घेतली नव्हती.

पहिल्या दिवशी प्रोग्रॅम उघडला, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. रवी चौकोन, चंद्र चौकोन, मंगळ चौकोन. एका वरपित्याने पत्रिका हातात घेऊन विचारलं, "हा इतक्या ठिकाणी बसलाय, तो कुठला ग्रह?" संतोष मान वर न करता म्हणाला, "नवीन आहे. पुढच्या शनिवारी शांत होईल." आणि शनिवारी शंभूने अक्षरं घातली, झाला शांत. पडद्यावर पेंग्विन नावाचा पक्षी येऊन बसला, पोट पुढे काढून, थेट आपल्या बार्शीच्या मामासारखा.

मग शंभू म्हणाला, "एक गोम आहे. जुन्या पत्रिकांचा कप्पा उघडत नाही. सगळ्या पुन्हा घालाव्या लागतील. तू वहीतून वाच, मी टाइप करतो."

चारशे बारा पत्रिका, मुक्ते! तीन शनिवार-रविवार मी वाचत होते. घसा बसला. आणि असं वाचता वाचता एका पानावर आमच्या शंभूचंच नाव आलं.

मी वाचलं, "शंभू. गोकुळाष्टमी. पहाटे चार." आणि शेजारी अष्टमीची तारीख. ती मीच लिहिलेली.

त्याचे हात थांबले. म्हणाला, "अक्काआजी, मी झालो तेव्हा तू होतीस ना दवाखान्यात?"

म्हटलं, होते म्हणजे काय! मुक्ता नुसती फेऱ्या मारत होती. पाणी तापवायला मी, डॉक्टरीणबाईंना उठवायला मी. त्यात पोटात अष्टमीचा उपवास.

"मग उपवास कधी सोडलास?"

"तुला बघून. तू चारला झालास, उजाडल्यावर मी आंघोळ करून पारणं केलं. बाहेर चौकात पोरं दहीहंडी बांधत होती."

"दहीहंडी अष्टमीला असते?"

"दुसऱ्या दिवशी रे."

एवढं बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

अगं, आपल्यात सूर्य उगवेपर्यंत कालचाच दिवस. पहाटे चार म्हणजे अष्टमीचीच रात्र. आपण त्याला जन्मभर अष्टमीचं पोर म्हणत आलो. गावभर तू तसे पेढे वाटलेस. (वर नाव शंभू ठेवलंस. तेव्हाही मी काही बोलले नव्हते, हे लक्षात असू दे.) पण त्या मशीनचा दिवस रात्री बारालाच उजाडतो. त्याला अष्टमीची तारीख आणि पहाटे चार असं सांगितलं, तर ते आदल्या पहाटेकडे जातं. पोर जन्माला यायच्या चोवीस तास आधीची पत्रिका काढून मोकळं होतं.

त्या पत्रिकेवरच गेल्या कार्तिकात गुण जुळवले. शंभूचं नक्षत्र रोहिणी निघालं, दीपमालाचं रेवती. एकनाडी, आणि गुण सतरा. छत्तिसात निदान अठरा लागतात, त्याला एक कमी. मोडलं.

आता शंभूने पुढच्या दिवसाची तारीख घातली. मृग नक्षत्र. नाडी वेगळी. गुण सव्वीस.

मी चष्मा काढून ठेवला. तो नुसता पेंग्विनकडे बघत होता.

आता जे लिहायचं ते लिहिते. संतोषने तारीख घातली, पण सांगितली मी. बरं, शंभू तेव्हाच शाळेचा दाखला घेऊन आला होता, म्हणाला, यावर दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. मी त्याला झिडकारलं. म्हटलं, मास्तर लोक दाखल्यावर मनाला येईल ती तारीख घालतात, मी होते तिथे, मला शिकवू नकोस. आणि तुला विचारायच्या आधी बायडाबाईला फोन करून 'सतराच आहेत' असं सांगून टाकलं. तू मला म्हणालीस, "माझ्या पोराला नापास करायची तुला एवढी घाई?" आणि फोन ठेवलास, तो ठेवलासच.

खरं सांगू? घाई होती. इतकी वर्षं अष्टमीचं पोर, अष्टमीचं पोर ऐकून माझे कान किटले होते. सतरा आकडा पाहिला तेव्हा कणभर बरं वाटलं मला. कणभरच, पण वाटलं. त्या कणापायी दोन पोरांचं वर्ष गेलं आणि माझी बहीण गेली. हे संतोषलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

मग मी धायरीला फोन लावला, आणि काल ती मंडळी आली.

येण्याआधी संतोषने मला पढवलं होतं. "आई, जुन्या विंडोजची चूक होती असं सांग. ते काही इथे भांडायला येणार नाही." केंद्राच्या नावाची काळजी त्याला, खरंच आहे. वहीत घोळ आहे म्हटल्यावर स्थळं कोण देईल?

बायडाबाई खुर्चीत बसल्या, पडद्याकडे पाहिलं. "ह्यो बदक कशाला बसवलाय?"

संतोष म्हणाला, "बदक नाही, पेंग्विन. बर्फात राहतो."

"मग धायरीच्या पोरीचं त्याला काय ठावं?"

तेवढ्यात सर्जेराव वर आले, घाम पुसत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागल्या खेपेला बी मशीननंच सांगितलं व्हतं. आता दुसरं मशीन दुसरंच सांगतंय. उद्या तुमी तिसरं आणलं, तर लगीन झाल्याली पोरगी आमी परत न्यायची व्हय?"

संतोष माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

म्हटलं, "सर्जेराव, मशीन बदललं म्हणून गुण बदलले नाहीत. विंडोजला खरी तारीख दिली असती तर त्यानेही सव्वीसच सांगितले असते. तारीख मी चुकीची दिली. माझ्या हाताने लिहिली, पोरगा सांगत होता तरी ऐकलं नाही. ही वही, हे माझं अक्षर."

वही त्यांच्यापुढे ठेवली. संतोष पंख्याकडे बघत बसला, पंखा बंद होता तरी.

सर्जेराव वही चाळायला लागले. मग बायडाबाईच बोलल्या. "आरं, आमच्यात बी कोंबडं आरवल्याबिगर दिस बदलत न्हाय. तुझी बी तारीख अशीच घातलीया मी." सर्जेरावांचं तोंड बघायला हवं होतंस. पन्नाशीला माणसाला कळलं की आपलं नक्षत्र बहुतेक वेगळंच आहे.

तरी त्यांनी खात्री केली. पलीकडच्या गल्लीतल्या अनंत गुरुजींकडे जुनी पंचांगं आहेत, त्यांनी त्या सालचं काढून बोट ठेवून दाखवलं. मृगच. पेंग्विन बरोबर होता.

मग बायडाबाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "वर्सात सात पोरं परत पाठिवली पोरीनं. एकाचं नाक, एकाचा आवाज, एकाचा तर बाप नको म्हनाली. आता बाप कोन बदलून देनार?"

आणखी एक राहिलं. आज सकाळी संतोषने सहज तो जुन्या पत्रिकांचा कप्पा दाबला. उघडला! चारशे बाराच्या चारशे बारा आत, जशाच्या तशा. मी शंभूला फोन केला. म्हटलं, लबाडा, माझा घसा तीन आठवडे कशाला बसवलास? तर म्हणतो, "अक्काआजी, चटणी संपली गं."

समजलीस ना? त्याने तारीख सांगितली असती तर मी पुन्हा झिडकारलं असतं. म्हणून माझ्याच तोंडून माझी वही वाचून घेतली. नातू कुणाचा आहे ते दिसलं. ही अक्कल तुझ्याकडची.

मंडळी पुन्हा यायची आहेत, मुलीला घेऊन. पण बायडाबाईंनी जिन्यावरून सांगितलंय, "मुलाची आजी आल्याबिगर आमी पानी बी घेनार न्हाय." शंभूच्या आईबापाने सगळं तुझ्यावर सोडलंय. आणि माझं म्हणशील तर चूक मी चारचौघांत सांगून झाली, आता तुझ्यासमोर सांगायची राहिलीय. तू शिव्या दे. समोर बसून दे. आदल्या दिवशी ये, रात्री माझ्याजवळ झोप, म्हणजे पुरेसा वेळ मिळेल.

येताना शेंगादाणे आण. इकडचे खवट असतात.

तुझी वाट बघणारी, सतरा सांगणारी,
मालनअक्का

ता. क. येतो म्हणून गेलेत ते रविवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता. सकाळी, मुक्ते. चांगलं उजाडल्यावर.